कौलावरची बाई

“…आणि हा कॅमेरा मी नदीत टाकून दिला तर, अप्पा? तर सुटेन का मी?”

अप्पा भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“जड आहे का तो?”

“आहे.”

“मग नको टाकू. खाली मासे आहेत.”

आदिनाथला वाटलं होतं, अप्पा उठतील, जवळ घेतील. निदान हातातली शेंग तरी खाली ठेवतील.

लहानपणी चार वर्षं तो याच मठात शिकला होता. पाटीवरची पहिली अक्षरं अप्पांनीच त्याच्याकडून गिरवून घेतली होती. पुढे तो तालुक्याला गेला, मग पुण्याला, मग समुद्रापलीकडे. तिथे तो फोटोग्राफी शिकला. परत आला तो नेमका महापुराच्या वर्षी. नदी सात गावांत शिरली. त्या एका आठवड्यात त्यानं चार हजार फोटो काढले.

त्यातला एक जगभर गेला.

आता पाणी उतरून दोन महिने झाले होते. मठ उंचावर होता, म्हणून राहिला. पलीकडच्या काठावरचं दुधडोह गाव मात्र बसलं होतं. गावातले पुरुष रोज नावेतून पलीकडे जात, भिंती उभ्या करत. बायका मठाच्या मंडपात राहत होत्या. आत्ताही तिथे चुली पेटल्या होत्या आणि भाकऱ्या थापल्याचा आवाज येत होता.

“अप्पा, मी थट्टा करत नाही. मला दीक्षा द्या.”

“कसली?”

“कॅमेरा सोडल्याची. इथेच राहीन. मठ झाडीन.”

“झाडायला माणूस आहे.” अप्पांनी पुढची शेंग घेतली. “तुझं काय दुखतंय ते सांग.”

आदिनाथनं पिशवीतून जाड कागदात गुंडाळलेला फोटो काढला. लगेच उघडला नाही. मांडीवर धरून बसला.

“याला बक्षीस मिळालं. मोठं सभागृह होतं. माझं भाषण झालं. मग मागच्या रांगेतला एक म्हातारा उभा राहिला. म्हणाला, फोटो काढल्यावर तुम्ही काय केलंत?”

“काय केलंस?”

“मी खरं तेच सांगितलं. म्हटलं, लेन्स बदलली.”

“मग?”

“मग टाळ्या वाजल्या, अप्पा. त्याच जास्त लागल्या.”

अप्पांनी दाणे ताटात टाकले.

“आता हा फोटो एका मोठ्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर येणार आहे. जगातल्या आपत्तींचं पुस्तक. आज संध्याकाळपर्यंत मी होकार कळवायचा आहे. होकार दिला तर माझं नाव होईल. पण मला झोप येत नाही. त्या बाईचं दुःख मी बाजारात मांडलंय, असं वाटत राहतं. म्हणून ठरवलं, तुमच्यासमोर हा फाडायचा, कॅमेरा सोडायचा, आणि…”

“आणि मग झोप येईल.”

“हो.”

“तुला.”

आदिनाथनं फोटोभोवतीचा कागद सोडवला.

“दाखव,” अप्पा म्हणाले.

त्यांनी फोटो दोन्ही हातांत घेतला. नाकाजवळ नेला, लांब धरला, परत जवळ आणला.

“उलटा धरलाय, अप्पा.”

“सुलटा धरला तरी मला सारखाच. माझा चष्मा नदीनं नेला. नवा यायचाय. काय आहे यात, तू सांग.”

आदिनाथ सावरून बसला. हे तो अनेकदा बोलला होता.

“यात माणसाची असहायता आहे. निसर्गाच्या रौद्र रूपापुढे एकट्या जिवाचं…”

“ते पुस्तकात लिही. फोटोत काय आहे?”

“…एक बाई आहे.”

“कोण?”

“नाव नाही माहीत. याच नदीकाठची असणार.” मंडपातल्या बायका तिथून बारा पावलांवर बसल्या होत्या. त्यांच्याकडे त्यानं एकदाही पाहिलं नव्हतं. “एक कौलारू घर आहे. वळचणीपर्यंत पाणी. कौलांवर ती एकटी उभी आहे. पदर सुटलाय, केस मोकळे, डोळे मिटलेले. तोंड उघडं. टाहो फोडलाय तिनं. मी नाव दिलंय, ‘विलाप’.”

“कुणासाठी रडते?”

“कुणीतरी गेलं असेल.”

“कोण गेलं?”

“अप्पा, मी पुलावर होतो. लांबून टिपली ती.”

“मग ती रडते, हे कशावरनं?”

“दिसतंय ना!”

“मला नाही दिसत,” अप्पा म्हणाले. “ऊठ. करून दाखव.”

“काय?”

“ती कशी उभी आहे, तसा उभा राहा. मी चाचपून बघतो.”

आदिनाथनं मंडपाकडे नजर टाकली. भाकऱ्यांचे हात मंदावले होते.

“अप्पा, इथे? सगळ्यांसमोर?”

“ती सगळ्या जगासमोर उभी आहे. तुला बारा बायकांची लाज वाटते?”

आदिनाथ उठला. अंगणात जाऊन उभा राहिला.

“काय चाललंय, अप्पा?” मंडपातून गौराक्कांनी विचारलं. सगळ्यांत वयानं मोठ्या त्याच होत्या.

“फोटो बघतोय.”

बायका हसल्या. अप्पा काठी टेकत अंगणात आले. त्यांनी आदिनाथचा हात शोधला.

“हा हात कुठं ठेवलाय तिनं?”

“डोक्याला लावलाय. दुःखानं डोकं धरलंय.”

“नीट बघून सांग.”

आदिनाथनं फोटो समोर धरला. तो त्यानं हजारदा पाहिला होता. उजेड पाहिला होता, पाण्याचा रंग पाहिला होता. हात आज पहिल्यांदा पाहिला.

“डोक्याला नाही… कानावर आहे. तळवा कानावर घट्ट दाबलाय. अंगठा जबड्याखाली.”

अप्पांचा हात क्षणभर थांबला.

“तसा धर.”

त्यानं धरला.

“दुसरा हात?”

“वर. सैरभैर.”

“सैरभैर म्हणजे बोटं कशी आहेत?”

“…जुळलेली. सरळ. एका दिशेला.”

“कुठल्या?”

“चौकटीच्या बाहेर.”

“पाय?”

“डावा पुढे. टाच कौलात रोवलीय.”

“गुडघा?”

“ताठ.”

“पोट?”

“आत ओढलंय, अप्पा. छाती फुगलीय.”

अप्पांनी त्याच्या खांद्यापासून टाचेपर्यंत चाचपलं. कोपर थोडं वर उचललं. पाठीत दोन बोटं रोवून पाठ सरळ केली.

“हं. आता असाच राहा आणि रड.”

“अप्पा…”

“रड. तूच नाव दिलंयस ना?”

आदिनाथनं प्रयत्न केला. घशातून चमत्कारिक काहीतरी निघालं. मग ठसका लागला. मंडपात एक बाई हसता हसता परातीवर कलंडली.

“अरं पोरा,” गौराक्का म्हणाल्या, “रडताना माणसाचं गुडघं जात्यात. तू तर कुस्तीला उभा राहिल्यागत उभा राहिलायस!”

आदिनाथ लाल झाला.

“नाही येत, अप्पा. असं उभं राहून रडूच येत नाही.”

“मग काय येतं ते येऊ दे.”

…

वारा नदीवरून येत होता. आदिनाथनं डोळे मिटले. तळवा कानावर दाबला, तसा त्याचा स्वतःचा श्वास त्याला आत ऐकू आला. तो श्वास पोटापर्यंत गेला. टाच मातीत रुतली. आणि त्यानं काही ठरवायच्या आत तोंड उघडलं.

“होऽऽऽऽऽ…”

आवाज नदीवरून सरळ पलीकडे गेला.

आदिनाथ स्वतःच दचकला. एवढा मोठा आवाज आपल्यात आहे, हे त्याला ठाऊक नव्हतं. समुद्रापलीकडे तो जिथे शिकला, तिथे हळू बोलायला शिकवत.

मंडपात भाकऱ्यांचा आवाज थांबला. बायका उभ्या राहिल्या होत्या. कुणीच हसत नव्हतं.

पलीकडच्या काठावर, अर्धवट भिंतींच्या मधून, कुणा गड्याचं उत्तर आलं.

“ओऽऽऽ!”

आणि एक नाव पाण्यात शिरली.

“हे… हे काय होतं?” आदिनाथनं विचारलं.

“आता घ्या! देणारा तूच आन् इचारणारा बी तूच?” गौराक्का जवळ आल्या. “हाळी हाय ती. नदीकाठचं माणूस अडलं की अशी हाळी देतं. कानावर हात धरला की आवाज फुटत न्हाई, लांब जातो. आन् हाळी ऐकली की नाव घिऊन यायचंच. ताटावर बसलेला असला तरी हात धुवायला थांबायचं न्हाई.”

“आन् कुणी अडलेलं नसताना हाळी द्यायची न्हाई,” परातीवर कलंडलेली बाई म्हणाली. “कधीच न्हाई. आता काय सांगशील तिला?”

“कुणाला?”

“आक्काताईला. नाव तिनंच काढलीया.”

नाव वेगानं येत होती. वल्हवणारी बाई चाळिशीची असेल. कोपरापर्यंत चिखल, कासोटा मारलेला, कपाळावर माती. नाव काठाला लागायच्या आत तिनं उडी टाकली.

“कोण अडलंय?”

तिचा आवाज फाटलेला होता. सुती कापड टरकावं, तसा. एवढे दोन शब्दसुद्धा तिला ओढून काढावे लागले.

सगळ्यांनी आदिनाथकडे पाहिलं.

“काय झालं, दादा? कुणाला न्यायचंय?”

“कुणाला नाही.”

“मग हाळी?”

“चुकून… म्हणजे मी फक्त…”

“चुकून?” तिनं वल्हं चिखलात रोवलं. “चुकून भाकरी करपती, दादा. हाळी चुकून देत न्हाईत. पलीकडं भिंत धरून उभी हुती मी. तशीच सोडून आली.”

आदिनाथच्या हातात फोटो होता. त्यानं तो पुढे केला.

आक्काताईनं लुगड्याला हात पुसले, मग घेतला. बराच वेळ बघत राहिली.

“हे चौगुल्याचं कौल,” ती म्हणाली.

मग म्हणाली, “अगं बया… ही मी.”

बायका धावल्या. पिठाच्या हातांनी, ओल्या हातांनी. चुलीवरची भाकरी चुलीवर राहिली.

“आक्का! आक्का हाय की गं!”

“बघू, बघू… लांब धर की, पीठ लागंल!”

“नाक बघ, नाक! हिचंच!”

तो फोटो लाखो माणसांनी पाहिला होता. या बायका आज पहिल्यांदा पाहत होत्या.

गौराक्कांनी फोटोतल्या वर गेलेल्या हातावर बोट ठेवलं.

“ह्यो हात शाळेकडं हाय.”

“शाळा कुठे आहे यात?” आदिनाथनं विचारलं.

“यात न्हाई.” गौराक्कांचं बोट सरकत कागदाच्या कडेला आलं. कड ओलांडून बाहेर गेलं. हवेत वीतभर जाऊन थांबलं. “हितं. झाडांच्या मागं. शाळेची गच्ची. आमी हितं हुतो. चोवीस जणं.”

…

“बोट खालच्या अंगानं आली,” आक्काताई म्हणाली. एकेक वाक्य थांबून थांबून. “सोडवायला आलेली. त्यांला शाळा दिसना. झाडं आडवी. बोट परत वळाय लागली. मी कौलावर. मला शाळा दिसत हुती, बोट बी दिसत हुती. मग हाळी दिली. वारा उलटा. दिली, दिली, दिली…”

“किती वेळ?”

“न्याहारीच्या वक्ताला लागली. बोट शाळेकडं वळली तवा ऊन डोक्यावर हुतं.”

“आणि?”

“आन् काय? चोवीसच्या चोवीस उतरले. ह्या काय, भाकऱ्या करपवाय लागल्यात.” तिनं मंडपाकडे हनुवटी केली. “माझा आवाज तेवढा गेला. त्यो काय उतरला न्हाई.”

बायका हसल्या. दोघी-तिघींनी डोळे पुसले.

आदिनाथ हसला नाही. फोटोची वेळ त्याला पाठ होती. सकाळी नऊ वाजून वीस मिनिटं.

“तुमी कुठं हुता, दादा?” आक्काताईनं विचारलं.

“पुलावर.”

“मोठ्या पुलावर? मग आवाज आला असंल की.”

“आला होता. बारीक. मला वाटलं, तुम्ही रडताय.”

“बरं.”

तिनं परत फोटोकडे पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता.

“आन् रडत असती तर?”

…



“माझ्यापासून दहा पावलांवर पोलिसांची जीप उभी होती,” आदिनाथ म्हणाला. हे त्याला कुणीच विचारलं नव्हतं. सभागृहातल्या म्हाताऱ्यानंही नाही. “वायरलेसची जीप. मी जाऊन नुसतं बोट दाखवलं असतं, तरी त्यांनी बोटीला कळवलं असतं. तुम्ही आणखी तीन तास ओरडत राहिलात. मी लेन्स बदलली आणि निघून गेलो.”

त्यानं हात पुढे केला.

“द्या तो. फाडतो मी.”

आक्काताईनं फोटो छातीशी धरला.

“हात लावू नका.”

“यात तुमचा अपमान आहे. तुम्ही चोवीस माणसं सोडवत होतात, आणि मी जगाला सांगितलं, ही बाई हरली.”

“तुमी काय सांगितलं ते तुमी निस्तरा. फोटो माझा हाय.” तिनं दम घेतला. “माझी हाळी आता एवढीच राहिलीया. ती बी फाडताय?”

आदिनाथचा हात तसाच हवेत राहिला.

“आन् रडली न्हाई असं न्हाई,” ती हळू म्हणाली. “तिसऱ्या दिशी रडली. घराच्या जागी गेली तवा. नुसतं जोतं राहिलं हुतं. त्यावर बसून रडली. तवा कोण न्हवतं बघायला. बरं झालं.”

आदिनाथ अप्पांकडे वळला.

“अप्पा, मी काय करू?”

“मला कशाला विचारतोस? मालकीण समोर उभी आहे.”

आदिनाथ परत वळला. जगभर हिंडून आलेला तो मुलगा, पण हा एक साधा प्रश्न त्याला आज पहिल्यांदा सुचला.

“ताई… हा पुस्तकावर छापू का?”

“लांब जाईल?”

“खूप लांब.”

“मग जाऊ दे. माझा आवाज काय आता लांब जात न्हाई.” तिनं फोटोखालच्या अक्षरांवर बोट टेकवलं. “पण हे काय लिवलंय इंग्रजीत?”

“विलाप.”

“हे काढा. हाळी लिवा. आन् खाली माझं नाव घाला. आक्काताई अंबी. नावाड्याची बायको नको, नावाडी लिवा. मालक गेल्यापासनं नाव मीच चालवतीया. आन् त्या चोवीस जणांची नावं घाला.”

“माझं गौराबाई लिव रं,” गौराक्का म्हणाल्या. “गौराक्का नको. लांबच्या लोकांला कळायचं न्हाई.”

“माझं माहेरचं बी लिव!”

“तुझं माहेर काय गच्चीवर हुतं?”

आदिनाथनं फोन लावला. पुस्तक करणाऱ्या बाईचं नाव इंग्रिड. तिकडे सकाळ होती. त्यानं आवाज मोठा केला, सगळ्यांना ऐकू येईल असा. इंग्रिड इंग्रजीत बोलत होती. आदिनाथ बायकांना मराठीत सांगत होता.

“त्या विचारतात, होकार आहे ना?”

“सांग, हाय म्हणून.”

“मी सांगितलं, फोटोचं नाव बदलायचंय. ही बाई रडत नाही, हाक देते आहे. त्या म्हणतात…” आदिनाथ थांबला.

“काय म्हणतीया?”

“म्हणतात, परीक्षकांनी दुःखाला बक्षीस दिलं होतं. विलाप सगळ्या जगाला कळतो. हाळी कुणाला कळणार?”

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं.

“आणि नाव बदलायचंच असेल, तर मुखपृष्ठावर दुसरा फोटो घ्यावा लागेल. आत्ताच सांगा म्हणतात.”

इतके दिवस आदिनाथ ज्या मुखपृष्ठाची वाट पाहत होता, ते आता एका शब्दावर आलं होतं. त्यानं अप्पांकडे पाहिलं नाही. फोटोकडेही पाहिलं नाही. आक्काताईच्या चिखलानं भरलेल्या कोपरांकडे पाहिलं आणि फोनमध्ये म्हणाला, “मग दुसरा घ्या. विलाप म्हणून हा मिळणार नाही.”

मग इंग्रिडनं काहीतरी विचारलं.

“काय म्हणतीया?”

“विचारतात, हाळी म्हणजे असतं तरी काय?”

“एवढंच?” गौराक्कांनी पदर खोचला. “धर तो फोन नीट. वर धर.”

“गौराक्का,” एक सून कचरत म्हणाली, “पर कुणी अडलेलं न्हाई. खोटी हाळी हुईल.”

सगळ्या आक्काताईकडे बघू लागल्या. ती नदीकडे बघत होती.

“द्या,” ती म्हणाली. “माझी हाळी अडलीया. मी सांगते, द्या.”

बायका अंगणात ओळीनं उभ्या राहिल्या. पिठाचे तळवे कानांवर गेले. टाचा मातीत रोवल्या. आक्काताई सर्वांच्या पुढे. तिचाही हात कानावर, दुसरा हात नदीवर रोखलेला, डोळे मिटलेले, तोंड उघडं. तिच्या गळ्यातून काहीही येत नव्हतं.

आणि मागून आवाज उठला.

“होऽऽऽऽऽऽऽ…”

मंडपावरची कबुतरं उडाली. आवाज नदीवर गेला, पलीकडच्या भिंतींवर गेला, तिथून परत आला आणि पुन्हा गेला. गळ्याच्या शिरा ताणलेल्या, पिठानं पांढरे झालेले कान, आणि सर्वांच्या पुढे तो चेहरा. फोटोतलाच. अगदी तोच. फक्त आता त्याला आवाज होता.

आदिनाथ हात वर करून उभा होता. हातात फोन होता.

आवाज विरला.

फोनमधून बारीक प्रश्न आला.

“काय म्हणतीया?” गौराक्कांना धाप लागली होती.

“विचारतात, हे काय होतं.”

“मग सांग की!”

आदिनाथनं फोन तोंडाजवळ नेला.

“फोटोचं नाव,” तो म्हणाला.

…

मग इंग्रिड बोलली. दोनच वाक्यं. आदिनाथनं ऐकली आणि तो खाली उकिडवा बसला.

“काय झालं रं? न्हाई म्हणाली?”

“म्हणाल्या, तो शब्द तुमच्या अक्षरांत लिहून पाठवा, तसाच छापू.” त्यानं चेहऱ्यावरून हात फिरवला. “आणि म्हणाल्या, पंचवीसच्या पंचवीस नावं पाठवा. एकही राहू देऊ नका.”

बायकांनी असा गलका केला की गौराक्कांना ओरडून विचारावं लागलं, “अगं, भाकऱ्या! भाकऱ्या कोण बघतंय?”

कुणीच बघत नव्हतं. कारण नदीवर नावा आल्या होत्या.

पलीकडून एक निघाली. तिच्या मागे आणखी दोन. वरच्या वळणावरून एक, खालच्या डोहाकडून दोन. भिंतींवर चढलेले गवंडी थापी टाकून धावले होते. नावेत बसायला जागा उरली नाही तेव्हा दोघांनी पाण्यात उड्या घेतल्या आणि पोहत निघाले. सगळी नदी वल्ह्यांनी भरली.

पहिली नाव काठाला लागली. म्हातारा तातोबा उभ्यानंच ओरडला.

“कोण अडलंय?”

आक्काताईनं तोंड उघडलं. आवाज निघेना. तिनं दोन्ही हात वर केले आणि हलवले.

बायका तिच्या वतीनं ओरडल्या.

“कुणी न्हाई!”

“कोण?”

“कुणीच न्हाई! कुणी बी अडलेलं न्हाई!”

तातोबा नावेत तसाच उभा राहिला. वल्हं हातात. ते वाक्य त्याच्या आत उतरायला थोडा वेळ लागला. मग तो मागच्या नावेकडे वळला.

“कुणी अडलेलं न्हाई रं!”

मागच्या नावेनं ते तिच्या मागच्या नावेला सांगितलं. तिनं पोहत येणाऱ्यांना सांगितलं. त्यांनी ते ओरडून पलीकडच्या काठावर पोचवलं. तिथे भिंतीवर एकटाच राहिलेला कुणीतरी पागोटं काढून हवेत फिरवू लागला.

अप्पा काठी टेकून उभे होते. तोंड नदीकडे. डोळे बारीक.

“किती नावा आल्या रे, आदू?”

“सहा, अप्पा. दोघं पोहत आले.”

“सगळ्या बघितल्यास?”

“सगळ्या.”

“ऐकलंस?”

“हो.”

“फोटो काढलास?”

आदिनाथनं आपल्या हातांकडे पाहिलं. एका हातात फोन होता. दुसऱ्या हातात कुणीतरी कधीतरी गरम भाकरी दिली होती. कॅमेरा ओसरीवर, शेंगांच्या टरफलांत पडला होता.

“नाही, अप्पा… विसरलो.”

“मग आता काढ.”